खान्देशातील घरात पर्यावरणाची काळजी घ्यायची तर सुरुवात कोठून करावी?

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांना सविनय नमस्कार.

आम्ही जळगावात स्वतःच्या घरात राहतो. तळमजल्याचे घर, वर सुमारे हजार चौरस फुटांची उघडी गच्ची, मागे लहान अंगण आणि त्यात एक जुना कडुनिंब आहे. सासू-सासरे धरून घरात सहा माणसे आहेत. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे टाकी आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की दुपारी घरात बसवत नाही, आणि यंदा मुलांनी एसी घेण्याचा आग्रह धरला आहे.

आपल्या राहणीचा हवेवर, पाण्यावर आणि जमिनीवर पडणारा भार कमी व्हावा असे मला मनापासून वाटते. याविषयी वाचायला गेले की बांबूचे दात घासण्याचे ब्रश, काचेच्या बरण्या, कापडी पिशव्या, बाल्कनीतील कुंड्या अशाच सूचना पुनःपुन्हा समोर येतात. त्या चुकीच्या आहेत असे मी म्हणत नाही, कापडी पिशवी तर आम्ही कायमच वापरतो. परंतु त्या बहुतेक सूचना मुंबई-पुण्याच्या सदनिका डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या दिसतात. आपल्याकडचे ऊन, आपल्याकडची पाणीटंचाई, घराभोवतीची केळी आणि कपाशीची शेती यांचा विचार त्यांत कोठेच नसतो.

म्हणून माझे विचारणे असे आहे की, खान्देशातल्या एका सामान्य कुटुंबाला दोन-चार गोष्टीच मनावर घ्यायच्या असतील, तर सर्वांत जास्त फरक कशाने पडेल? एसी न घेता घर सुसह्य करता येईल का? ओल्या कचऱ्याचे खत उन्हाळ्यात कोरडे पडून कुजणे थांबते, असे आमच्या गल्लीतील अनेकींचे म्हणणे आहे. त्यावर उपाय काय? आणि शेवटचा प्रश्न थोडा जड आहे, पण तो सासऱ्यांनीच विचारला आहे: गावाबाहेर शेतांच्या बांधांवर पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) आणि प्लॅस्टिक जळत असताना एका घराने जपून राहिल्याने काय साधते?

---

वीजमोजणी (भुसावळ)

ताई, नमस्कार. माझी नोकरी विजेच्या क्षेत्रात झाली आणि दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांकडे पाहतच माझे आयुष्य गेले, त्यामुळे माझे उत्तर विजेकडे झुकलेले असेल. आपल्या घरातील एक युनिट वीज वाचली, तर देशातील वीजनिर्मितीची सरासरी धरता सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा राहतो, कारण आजही बहुतांश वीज कोळशावरच तयार होते. म्हणून काय विकत घ्यावे हे ठरवण्याआधी घरात वीज कोठे खर्च होते ते पाहावे. आपल्या भागात त्याचे उत्तर बहुधा एकच निघते, ते म्हणजे उन्हाळा.

आता मुलांच्या मागणीकडे वळतो. दीड टनाचा एसी पूर्ण भाराने चालताना तासाला साधारण दीड युनिट घेतो. घरगुती कूलर दोनशे वॅटच्या आसपास चालतो, म्हणजे तासाला एका युनिटचा पाचवा हिस्सा. ही तफावत मोठी आहे, आणि खान्देशाचे ऊन कोरडे असल्यामुळे कूलर येथे खरोखर काम करतो. कोकणात तो निरुपयोगी ठरतो, पण आपल्या मे महिन्यात नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे दोन तृतीयांश युनिटइतकी उष्णता हवेतून खेचली जाते, आणि कोरड्या हवेत ही वाफ झपाट्याने होते. मात्र कूलरसमोरील बाजूची खिडकी उघडी असलीच पाहिजे. पुष्कळ घरांत एसीप्रमाणे सगळी दारे-खिडक्या लावून कूलर चालवतात, मग हवेतील ओल कोंडते, अंग चिकट होते आणि कूलरला दोष दिला जातो. पाऊस सुरू झाल्यावर कूलर बंद करून पंख्यावरच राहावे, कारण दमट हवेत त्याचा उपयोग उरत नाही.

परंतु कूलर की एसी हा वाद दुसऱ्या पायरीवरचा आहे. पहिली पायरी म्हणजे घरात उष्णता येऊच न देणे. एकमजली घरात सर्वांत जास्त ताप वरून येतो. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडू लागतो, म्हणून आपल्याला दुपारपेक्षा रात्री नऊ-दहाच्या सुमारास खोली अधिक कोंदट वाटते. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांवर मातीचा जाड थर असे आणि तो ही उष्णता अडवून धरी. सिमेंटच्या पातळ स्लॅबला तसे संरक्षण नाही, तेव्हा ते आपण द्यायचे. फाल्गुन संपण्याच्या आत गच्चीला पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग दोन-तीन हात लावला, तर ऊन बरेचसे परतते आणि खालच्या खोलीचे तापमान काही अंशांनी उतरते. हे काही अंश मोलाचे आहेत, कारण तेवढ्यावरच पंख्यात भागते की कूलर लावावा लागतो हे ठरते.

यानंतर पश्चिमेची भिंत पाहावी. दुपारनंतरचे ऊन तिच्यावर थेट येते. खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताट्या, चिकाचा (बांबूच्या काड्यांचा) पडदा किंवा हिरवी जाळी लावणे कितीतरी पटीने चांगले, कारण काचेतून एकदा आत शिरलेले ऊन पडद्याने अडले तरी त्याची उष्णता खोलीतच राहते. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात बरेच अंतर असते. याचा फायदा घेऊन पहाटे सर्व खिडक्या उघडाव्यात आणि सकाळी नऊच्या आत बंद कराव्यात. हे आपल्या वडीलधाऱ्यांना न सांगता कळत असे.

पंख्यांविषयी थोडे सांगतो. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, तर नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० ते ३५ वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. दिवसाला पंधरा तास चालणारा एकच पंखा बदलला तरी महिन्याला १८ ते २० युनिट वाचतात. सगळे पंखे एकदम बदलू नयेत. जो सर्वांत जास्त चालतो तो आधी बदलावा. आणि एवढे करूनही घरातील वृद्धांसाठी एका खोलीत एसी घ्यावाच लागला, तर त्यात अपराध वाटून घेऊ नये. उष्माघात ही आपल्या जिल्ह्यात खरी भीती आहे. जास्त तारांकनाचा एसी घ्यावा, तो २६ अंशांवर ठेवावा आणि सोबत पंखा मंद लावावा. तापमान एका अंशाने वाढवले की एसीची वीज साधारण सहा टक्क्यांनी कमी होते.

छतावरील सौर संचाचा विचार यानंतर करावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॉटला ३० हजार, दोन किलोवॉटला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान ठरवले आहे. एका किलोवॉटला शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. मे महिन्यात पॅनल तापून त्याचे उत्पादन काहीसे घटते, म्हणून ते गच्चीपासून पुरेशा उंचीवर बसवून खालून वारा खेळू द्यावा आणि धूळ आठवड्यातून एकदा पहाटे धुवावी. पॅनलची सावली स्लॅबवर पडते, हा वेगळा लाभ.

---

केळीबाग (रावेर)

वीजमोजणी काकांशी बहुतेक बाबतींत सहमत आहे, पण कूलरच्या पाण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणून लिहितो. मोठा कूलर आपल्या उन्हात दिवसाला शंभर लिटरच्या आसपासही पाणी पितो. जेथे नळाला दिवसाआड किंवा त्याहून उशिरा पाणी येते, तेथे हा खर्च मोजलाच पाहिजे. हेही खरे की एसीची वीज पाण्याविना तयार होत नाही. केंद्राच्या २०१५ च्या नियमांनी जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरण्याची मर्यादा घालून दिली. पण ते पाणी तेथे खर्च होते आणि कूलरचे पाणी आपल्या पिंपातून जाते. म्हणून आधी गच्ची पांढरी करण्याचा जो क्रम त्यांनी सांगितला, तोच योग्य आहे, कारण त्याने वीज आणि पाणी दोन्हींची गरज कमी होते.

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात पाण्याची गोष्ट डोळ्यांदेखत घडली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जाड थर आहे, त्यातून पावसाचे पाणी सहज खाली मुरते, आणि त्या पाण्यावरच ही केळी उभी राहिली. उपसा मात्र मुरण्यापेक्षा जास्त झाला आणि विहिरी सोडून आम्ही खोल, आणखी खोल कूपनलिकांवर आलो. ठिबकमुळे पाण्याची बचत झाली यात शंका नाही, जळगाव जिल्ह्याने ठिबक देशाला शिकवले म्हटले तरी चालेल. पण वाचलेल्या पाण्यावर बागेचे क्षेत्र वाढवले तर जमिनीखालचे पाणी वाचत नाही. ही गोष्ट आम्ही शेतकऱ्यांनी आपसांत स्पष्ट बोलायला हवी.

ताईंच्या गच्चीचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर, आणि जळगावकडचा वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास. थोडे वाहून जाणारे, उडणारे वजा केले तरी वर्षाला ५० हजार लिटरच्या आसपास पाणी त्या एका गच्चीवरून गटारात जाते. अंगणात विहीर किंवा कूपनलिका असेल तर दगड, जाड वाळू आणि कोळसा यांच्या गाळणीतून ते तिच्यात सोडावे. नसेल तर शोषखड्डा करावा, पण पायापासून दूर. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो, म्हणून खड्डा काळ्या थराच्या खाली, मुरमापर्यंत गेला पाहिजे.

आता सासऱ्यांच्या प्रश्नाला उत्तर देतो, कारण बांधावर प्लॅस्टिक जाळणाऱ्यांत आमच्याच भागातले लोक आहेत. केळीच्या घडाला निर्यातीसाठी डाग पडू नयेत म्हणून स्कर्टिंग बॅग, म्हणजे प्लॅस्टिकची हलकी पिशवी घालतात. घड उतरला की ही पिशवी एक तर बागेत पडून राहते, नाही तर पेटवली जाते आणि तिचा विषारी धूर मजुरांच्याच छातीत जातो. या पिशव्या कोरड्या करून, गठ्ठे बांधून भंगारवाल्याकडे देता येतात, जसे ठिबकच्या जुन्या नळ्यांचे आम्ही करतोच. अडचण भावाची आहे. नळी जड असल्याने विकली जाते, पिशवी हलकी असल्याने तिच्यासाठी कोणी वाट वाकडी करत नाही. गावातील आठ-दहा बागायतदारांनी एका शेडमध्ये साठवल्या तर गाडीभर माल होतो आणि मग घेणारा येतो. मला वाटते, निर्यातीचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी घडाबरोबर पिशव्याही परत नेण्याची अट मान्य करावी, आणि ती अट शेतकऱ्यांनी घालावी.

खोडाचे काय करावे हे मात्र ठरलेले आहे. केळीचे झाड एकदाच घड देते. नंतर उरते ते पाण्याने आणि पालाशने (पोटॅशने) भरलेले भलेमोठे खोड. ते ओढून बांधावर फेकण्याऐवजी तुकडे करून ओळींमध्ये पसरले, तर ओल टिकते, तण दबते आणि पालाश जमिनीला परत मिळते. करपा किंवा व्हायरसने ग्रासलेली झाडे तेवढी वेगळी काढून नष्ट करावीत. पऱ्हाट्यांचेही तसेच आहे. हंगाम लांबवून कपाशी शेतात उभी ठेवली की गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून त्या वेळेवर काढायच्या असतात, पण त्यासाठी पेटवण्याची गरज नाही. यंत्राने बारीक करून त्या जमिनीत मिसळता येतात, आणि ज्यांच्या भागात पांढरा कोळसा (शेतातील काडीकचरा दाबून केलेले जळण) करणारे कारखाने आहेत, त्यांना त्या विकताही येतात. उरल्या थोड्या, तर हिवाळ्यात भरिताची वांगी भाजायला त्यांच्याइतके चांगले जळण नाही, हे खान्देशात वेगळे सांगायला नको. त्या जेवणाला पानेही बागेतलीच घ्यावीत, थर्माकोलच्या ताटल्या नकोत.

---

पांझराकाठ (धुळे)

ताई, मी भाड्याच्या घरात राहते, त्यामुळे सौर संच आणि शोषखड्डा या गोष्टी माझ्या हातातल्या नाहीत, आणि खान्देशातील शहरांत माझ्यासारखी हजारो कुटुंबे आहेत. आमच्यासारख्यांच्या हाती उरते ते पाणी आणि कचरा, म्हणून त्यावरच लिहिते.

पाण्याबाबत मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे नळ आला की कालचे पाणी शिळे म्हणून ओतून देणे. आठ दिवसांच्या टंचाईत जपून ठेवलेले हंडे-पिंपे नव्या पाण्यासाठी मोरीत रिकामे होतात. झाकून ठेवलेले पाणी असे वाया घालवण्याजोगे नसते. भांडे आठवड्यातून एकदा घासणे मात्र आवश्यक आहे, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. कूलरच्या टाकीलाही हाच नियम लागू आहे. तेव्हा घासण्यापूर्वीचे पाणी कपडे भिजवायला, फरशी पुसायला, संडासात टाकायला किंवा झाडांना द्यावे. यासाठी एक पैसाही लागत नाही, आणि मी तर म्हणेन की धुळे-जळगावसारख्या शहरांत प्रत्येक घराने एवढे जरी केले, तरी बांबूच्या ब्रशपेक्षा त्याचे मोल अधिक ठरेल.

दुसरी गोष्ट आरओ यंत्राची. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर ते पाणी स्वीकारार्ह मानले जाते. धरणाचे पाणी बहुधा या मर्यादेत बसते, कूपनलिकेचे नेहमी बसतेच असे नाही. क्षार मोजण्याचे छोटे उपकरण काहीशे रुपयांत मिळते, ते गल्लीत मिळून एक घ्यावे आणि आपल्या नळाचे पाणी मोजूनच आरओ हवा की साधी गाळणी व उकळणे पुरेसे आहे हे ठरवावे. आरओ असलाच तर बाहेर पडणारे पाणी फरशी आणि भांड्यांच्या पहिल्या धुण्यासाठी वापरावे. कूलरमध्ये घालू नये, त्याने जाळीवर क्षारांची पुटे चढतात, आणि कुंडीतील झाडांनाही ते रोज घालू नये.

आता उन्हाळ्यातील खत. तुमच्या गल्लीतील मैत्रिणींचे निरीक्षण बरोबर आहे. कुजवणारे जीव ओलीवर जगतात. आपल्याकडच्या उन्हात उघडी बादली दोन दिवसांत सुकते आणि साली वाळून तशाच राहतात. पाणी ओतले की तळाशी साचते आणि वास येऊ लागतो. यासाठी प्लॅस्टिकच्या बादलीऐवजी मातीचे मोठे माठ घ्यावेत, त्यांना बाजूने छिद्रे असावीत, आणि ते तुमच्या कडुनिंबाच्या सावलीत ठेवून वर ओले गोणपाट टाकावे. माठ पाझरतो, त्यामुळे आतले थंड राहते. ओल्या कचऱ्याच्या एका थरावर त्याच्या दीडपट-दुप्पट वाळका पाला घालावा, कारण भाजीपाल्यात नत्र जास्त असते आणि पाल्यात कर्ब. पाला कमी पडला की दुर्गंधी येते. मूठभर मिश्रण दाबून पाहावे. बोटांतून एक-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर आहे, हात कोरडा राहिला तर पातळ ताक शिंपडावे. शिजलेले तेलकट अन्न आणि हाडे घालू नयेत. केळीच्या साली, वांग्याची देठे, मेथीच्या काड्या, चहाचा चोथा सर्व चालते, फक्त साली आणि देठे बारीक चिरावीत. दोन-तीन महिन्यांत काळे, मातीच्या वासाचे खत मिळते.

याच पाल्यासाठी एक कळकळीची विनंती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते आणि गल्लोगल्ली सकाळी पाल्याचे ढीग पेटतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई करून पाच हजार रुपये दंड सांगितला आहे. पण दंडाची भीती सोडा, तो पाला पोत्यांत भरून ठेवला तर वर्षभराच्या खताला पुरतो, आणि लहान मुलांना व दमेकऱ्यांना रोज सकाळी तो धूर घ्यावा लागत नाही.

सुक्या कचऱ्याबाबत थोडक्यात लिहिते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याची जबाबदारी घरावर टाकली. घंटागाडीत सगळे एकत्रच जाते, ही तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. अशा वेळी सुके सामान धुऊन, वाळवून थेट भंगारवाल्याला द्यावे आणि ओले घरीच जिरवावे. मग गाडीत फारसे काही उरतच नाही. लग्नसराईत मात्र आपले सगळे नियम गळून पडतात. एकदा वापरून फेकायचे प्लॅस्टिकचे पेले, चमचे, ताटल्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत आणि महाराष्ट्राने तर २०१८ मध्येच बंदी घातली होती, तरी मांडवामागे ढीग दिसतात. स्टीलचे पेले भाड्याने मिळतात, पळसाच्या पत्रावळी सातपुड्यातून येतात, आणि पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी रांजण मांडता येतात. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरणारी माणसे आपण. मांडवात पाहुण्यांनाही मातीच्या भांड्यातले पाणी देणे आपल्याला अवघड जाऊ नये.

---

माळमाथा (साक्री)

एका घराने काय साधते, या प्रश्नावर मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. केळीबाग दादांनी शेडची कल्पना मांडली, तिच्यातच उत्तर आहे: काही गोष्टी घराच्या आहेत, काही गल्लीच्या आणि काही गावाच्या, आणि घराची गोष्ट करून दाखवणाऱ्यालाच गावाची गोष्ट बोलता येते.

आमच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे याचे जवळचे उदाहरण आहे. त्या आदिवासी पाड्याभोवतीचे जंगल तुटून डोंगर उघडे पडले होते आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण होती. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने लोकांनी एकत्र बसून झाड तोडणाऱ्याला दंड, चराईला मर्यादा आणि जंगलाला आळीपाळीने राखण असे नियम स्वतःच केले आणि ते स्वतःवरच लागू केले. जंगल परतले, झरे आणि विहिरी परतल्या. २०२५ मध्ये चैत्राम पवार यांना पद्मश्री मिळाली. तेथे वनभाज्यांची स्पर्धा भरते, आणि तिच्यातून नव्या पिढीला कोणती भाजी कोठे, कधी उगवते हे कळते. कोणा एकाने फक्त आपल्या अंगणात झाडे लावून हे झाले नसते.

पांझरा नदीवरील पाणीवाटपाची फड पद्धतीही अशीच आहे. काही शतकांपूर्वी बांधलेल्या बंधाऱ्यांतून पाटाने पाणी काढायचे, बंधाऱ्याखालील जमिनीचे फड, म्हणजे मोठे भाग पाडायचे, एका फडात सर्वांनी त्या वर्षी ठरलेले एकच पीक घ्यायचे आणि पाटकऱ्याने (पाटाचे पाणी सोडणाऱ्या माणसाने) सर्वांना सारखे पाणी द्यायचे. पाणी कमी असेल त्या वर्षी कोणाचा तरी फड कोरडा राहतो, पण तो बारीने राहतो, जोरावर नाही. ताईंच्या गल्लीत टाक्या भरण्यासाठी नळाला विजेचे पंप लावण्याची चढाओढ असेल, तर पहिली बैठक त्यावरच घ्यावी. पंप लावणाऱ्या घरामुळे पुढच्या घरात पाणी पोहोचत नाही, आणि ज्याला कमी मिळते तो पुढच्या वेळी अधिक साठवतो आणि अधिक ओततो.

झाडांविषयी एवढेच सांगतो की, लावायचे तर निंब, करंज, चिंच, उंबर, बोर अशी येथील उन्हाला सरावलेली लावावीत, चांगले दोन पाऊस झाल्यावर लावावीत आणि दोन उन्हाळे त्यांना पाणी देण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी ठेवावी. खोडाशेजारी छिद्र पाडलेले माठ पुरून त्यात पाणी भरले तर थोड्या पाण्यात रोप तग धरते. पश्चिमेच्या भिंतीपासून योग्य अंतरावर लावलेले झाड पुढे वीजमोजणी काकांच्या सगळ्या उपायांना हातभार लावील.

---

गिरणाकाठ (जळगाव)

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. घरात सर्वांना ही उत्तरे वाचून दाखवली. क्रम असा ठरला आहे: या महिन्यात गच्चीला चुना आणि पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून ताट्या, दोन माठ कडुनिंबाखाली, आणि नळाचे जुने पाणी मोरीत न ओतता बागेला. एसीचा निर्णय मे महिना संपेपर्यंत पुढे ढकलला आहे. त्याआधी बैठकीच्या खोलीतील पंखा बदलू. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे पाणी अंगणातील जुन्या विहिरीत सोडण्याची व्यवस्था करायची आहे. सासरे स्वतः गल्लीतील लोकांशी पंपांबद्दल बोलणार आहेत.

एकच शंका उरली. गच्चीला चुना लावायचा आणि त्याच गच्चीचे पाणी विहिरीत सोडायचे, तर चुन्याने पाणी बिघडणार नाही का? आणि चुना टिकावा म्हणून त्यात काय मिसळावे?

---

वीजमोजणी (भुसावळ)

ताई, शंका रास्त आहे. कळीचा चुना रात्रभर पाण्यात भिजवून, विरवून, सकाळी जाड कापडातून गाळून घ्यावा आणि त्यात थोडा चिकट गोंद मिसळावा. बाजारात रंगकामासाठी मिळणारा पांढरा गोंद चालतो. गच्ची आधी झाडून, धुऊन ओलसर करावी, पहिला हात उभा आणि दुसरा आडवा द्यावा, आणि हे काम ऊन चढण्यापूर्वी किंवा कलल्यावर करावे. विरताना चुना उकळतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे आणि डोळ्यांवर चष्मा घालावा.

विहिरीच्या पाइपाला गच्चीच्या तोंडाशी एक टी-जोड आणि झडप बसवावी. पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसांचे पाणी, ज्यात सुटलेला चुना, धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते, झडपेतून बाहेर अंगणात जाऊ द्यावे. त्यानंतर पाणी भांड्यात घेऊन पाहावे. ते पांढुरके न दिसता स्वच्छ आले की झडप फिरवून विहिरीकडे वळवावे. ज्यांच्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी वापरले जाते, त्यांनी चुन्याऐवजी छतासाठीचा न सुटणारा पांढरा रंग लावावा, तो महाग पडतो पण काही वर्षे टिकतो.